चित्र छापायचे : कागदावर की कापडावर?



एका शाळेतली हकिकत सांगून सुरुवात करतो. धरणामुळे उठून दुसरीकडे वसलेल्या एका गावातली ही शाळा. जुनं गाव पाण्याखाली जाण्यापूर्वी तिथल्या चित्रकलेच्या गुरुजींनी नदीकाठी बसून गावाचं एक चित्र जलरंगात काढलं होतं. घाट, घाटावरचं देऊळ, देवळाची तांबडी कौलं, शेजारी पिंपळ आणि मागे डोंगराची रांग. त्या काळी खेड्यात कॅमेरा कुणाकडे असणार? तेव्हा जुन्या गावाची एवढीच काय ती आठवण उरली. पुढे गुरुजी वारले आणि चित्र त्यांच्या मुलाकडे राहिलं. शाळेला पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी ते मागून आणलं, तालुक्याच्या गावी नेऊन मोठं करून छापून घेतलं, चौकटीत बसवलं आणि कार्यालयात, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, मोठ्या हौसेनं लावलं. मूळ चित्र परत त्या घरी ट्रंकेत गेलं.

चार पावसाळे गेले. मी त्या शाळेत गेलो होतो तेव्हा पाचवीतली एक मुलगी चित्राकडे बघत विचारत होती, "बाई, आपल्या जुन्या देवळाची कौलं निळी होती का हो?"

कौलं तांबडीच होती. पण त्या छापातली लाल आणि पिवळी शाई उजेडानं उडून गेली होती, आणि निळी तेवढी मागे राहिली होती. कौलं निळसर राखी झाली होती, पिंपळ निळा पडला होता. ज्या मुलांनी ते गाव कधी पाहिलं नाही, त्यांच्यापुढे हे चित्र रोज चुकीची साक्ष देत होतं.

यात मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. दुकानदारानं त्यांना एवढंच विचारलं होतं, "कागदावर देऊ की कॅनव्हासवर?" त्यांनी दोन्हींचा भाव विचारला आणि स्वस्त पडेल ते घेतलं. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. पण या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं तर आधी आपणच आपल्याला आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. मूळ चित्र कशावर काढलेलं आहे? छापलेलं चित्र कोणत्या भिंतीवर लागणार आहे? आणि ते किती वर्षं टिकायला हवं आहे? आज या तीन प्रश्नांविषयी बोलायचं आहे.

छापील चित्र आपल्याला नवं नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांची मूळ चित्रं तैलरंगात, कॅनव्हासवर रंगवलेली. घरोघर गेली ती मात्र कागदावर. दगडावर चित्र उतरवून, एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून ती छापली जात, आणि तैलचित्रासारखी चमक यावी म्हणून वरून वार्निश दिलं जाई. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी किंवा सरस्वती बहुधा याच घराण्यातली. म्हणजे कागदावर छापायचं आणि कॅनव्हासचा भास आणायचा, ही युक्तीही शंभर वर्षांहून जुनी आहे.

आताची पद्धत निराळी. यंत्रातून शाईचे अतिशय सूक्ष्म थेंब कागदावर किंवा कापडावर फवारले जातात. छापखान्यात नमुना-छाप काढण्यासाठी बनवलेल्या अशा एका यंत्रावर १९९१ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या नॅश एडिशन्स या कार्यशाळेत, कलाकृतींचे छाप निघू लागले. जॅक डुगान यांनी त्याला 'झिक्ले' हे नाव दिलं. फ्रेंच भाषेत फवारणं, पिचकारी मारणं या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून ते घेतलं. पण त्या आरंभीच्या शाया फार टिकाऊ नव्हत्या. छाप लवकर फिके पडू लागले. शाई सुधारायला पुढे कित्येक वर्षं गेली. तेव्हा एखाद्या दुकानावर 'झिक्ले प्रिंट' अशी पाटी दिसली तर दिपून जाऊ नका. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की शाई फवारली आहे. कोणती शाई आणि कशावर, हे विचारायचं राहतंच.

आधी शाईचंच बघू. फवारण्याच्या शाया मुख्यतः दोन जातींच्या. एकीत रंग पाण्यात साखरेसारखा पूर्ण विरघळलेला असतो. तिला डाय शाई म्हणतात. दुसरीत रंगाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. ती पिगमेंट शाई. वर्गात हा फरक सहज दाखवता येतो. एका पेल्यात साखर घाला, दुसऱ्यात गेरू, आणि दोन्ही रात्रभर ठेवा. सकाळी गेरू तळाशी बसलेला दिसेल, साखर दिसणार नाही. शाईतले कण गेरूपेक्षा कितीतरी बारीक असतात, म्हणून ते असे लगेच खाली बसत नाहीत; पण तत्त्व हेच. विरघळलेला रंग रेणूरेणूंनी सुटा झालेला असतो, त्यामुळे उजेड आणि हवा त्याला लवकर मारतात. कणाचं तसं नाही. वरचा थर झिजला तरी आत रंग उरतो. आपल्या जुन्या पोथ्यांची काळी अक्षरं काजळाच्या शाईनं लिहिलेली आहेत. काजळ म्हणजे कार्बनचे कण. कागद तपकिरी झाला तरी अक्षर काळंच राहिलं, ते यामुळे. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हा विचारा : "तुमच्या यंत्रात पिगमेंट शाई आहे की डाय?" उत्तर डाय असेल, तर कागद कितीही भारी घेतला तरी ते चित्र वर्षानुवर्षं टिकायचं नाही.

आता कागद. कागद म्हणजे वनस्पतीचे तंतू. कोणत्या वनस्पतीचे, त्यावर त्याचं आयुष्य ठरतं. स्वस्त कागद लाकडाचा लगदा जसाच्या तसा वापरून करतात. लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. झाडाला ताठपणा देणारा हाच. पण कागदात राहिला की उजेडानं आणि हवेनं तो पिवळा पडतो. वर्तमानपत्राचा एक तुकडा घ्या, त्याच्या अर्ध्या भागावर पुस्तक ठेवा आणि उन्हाच्या खिडकीत आठवडाभर राहू द्या. पुस्तक उचललं की उघडा भाग पिवळा आणि झाकलेला भाग फिकट, अशी सरळ रेघ दिसेल. विज्ञानाच्या तासाला याहून स्वस्त प्रयोग मिळायचा नाही.

लाकडातलं लिग्निन काढून टाकून केलेला कागद याहून पुष्कळ बरा. आणि सगळ्यांत चांगला कापसाचा. सरकी काढून कापूस गाठीत गेला तरी सरकीच्या अंगाला आखूड लव चिकटून राहते, ती आमच्या कपाशीवाल्या बंधूंना ठाऊक आहेच. तिचं सूत निघत नाही, पण तिचा कागद उत्तम होतो. कापसात लिग्निन जवळजवळ नसतंच. खिशातली नोट काढून पाहा. आपल्या नोटांचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो. म्हणून तर ती बाजारात शेकडो हातांतून जाते, घामानं भिजते, धोतराच्या सोग्यात घडी होऊन बसते, आणि तरी लगेच फाटत नाही.

नोटेवरून आणखी एक गोष्ट सांगतो. बनावट नोट ओळखण्याचा जांभळ्या उजेडाचा दिवा बऱ्याच दुकानांत असतो. त्याखाली नोट धरली की नंबराची जागा आणि काही धागे चमकतात, बाकी कागद मंदच राहतो. शेजारी वहीचा किंवा झेरॉक्सचा पांढराशुभ्र कागद धरा. तो बहुधा निळा झगझगीत उजळेल. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात घातलेल्या रसायनाचा हा परिणाम. आपण धोतराला नीळ देतो, त्याच जातीचा हा उपाय समजा. पण हे रसायन काही वर्षांत थकतं आणि त्यानं झाकलेला मूळ पिवळसरपणा वर येतो. चित्र पिढ्यान्‌पिढ्या ठेवायचं असेल तर असं रसायन नसलेला, किंचित सायीच्या रंगाचा कागद घ्यावा. तो पहिल्या दिवशी थोडा मळका वाटेल, पण दहा वर्षांनीही साधारण तसाच राहील.

कागदाच्या जाडीचा हिशेब जीएसएममध्ये सांगतात. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. झेरॉक्सचा ए-४ आकाराचा कागद असे सोळा मांडले की बरोबर एक चौरस मीटर होतो. ८० जीएसएमच्या सोळा कागदांचं वजन म्हणून ८० ग्रॅम भरतं, आणि एका कागदाचं ५ ग्रॅम. किराणा दुकानातल्या तराजूवर मुलांना हे करून दाखवता येईल. चित्रं छापण्याचा चांगला कागद साधारण २०० ते ३१० जीएसएमचा असतो. मात्र नुसत्या जाडीवर भुलू नये. जाड कागदही लिग्निनचा असू शकतो.

इथे एका शब्दानं पुष्कळांची फसगत होते. छापखान्यात 'आर्ट पेपर' मागितलात तर तुम्हांला कॅलेंडरचा गुळगुळीत, चमकदार कागद मिळेल. त्यावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. निमंत्रणपत्रिकेला, पुस्तकातल्या चित्रांच्या पानांना तो ठीक. पण त्याच्या नावात 'आर्ट' असलं तरी कलाकृती जपण्यासाठी तो केलेला नाही. याउलट पुण्याच्या, १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेत होतो तसा चिंध्यांचा हातकागद रंगवायला फार सुरेख. पण त्यावर शाई धरून ठेवणारा खास लेप नसेल तर फवारलेली शाई टिपकागदासारखी पसरते आणि रेषा फुटते. म्हणून मागताना पुरतं वाक्य म्हणावं : "पिगमेंट शाईसाठी लेप दिलेला, शंभर टक्के कापसाचा, मॅट कागद."

आता कॅनव्हास. कॅनव्हास म्हणजे जाड विणीचं कापड. ते सुती असतं, सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेलं असतं, किंवा निव्वळ पॉलिएस्टरचंही असतं. त्यावरही शाईसाठी पांढरा लेप दिलेला असतो. गावच्या चौकात वाढदिवसाचे फलक लागतात ते फ्लेक्स म्हणजे प्लास्टिक; ती वस्तू अगदी वेगळी. काही ठिकाणी त्याच फलकाच्या यंत्रावर जाड कापड चढवून 'कॅनव्हास' म्हणून देतात, म्हणून कापड हातात घेऊन, मागची बाजू उलटून, वीण बघून घ्यावी.

कॅनव्हासचे गुण खरे आहेत. त्याला काच लागत नाही. लाकडी चौकटीवर ताणून बसवला की लगेच भिंतीवर लावता येतो. काच नाही म्हणजे फुटण्याची भीती नाही, आणि वर्गात कुठूनही पाहिलं तरी खिडकीचा उजेड त्यावर चमकत नाही. मोठ्या आकाराला तो सोयीचा. सभागृहाला सहा फुटांचं चित्र हवं असेल तर तेवढी काच आणायची कुठून आणि टांगायची कशावर? शिवाय कापडाच्या विणीत बारीक तपशील मुळातच बुजतो आणि मोठं चित्र आपण लांबून बघतो, त्यामुळे मूळ टिपण थोडं कमी बारकाईचं असलं तरी चालतं. कागदावर १८ इंच बाय १२ इंचांचं चित्र स्पष्ट हवं असेल तर दर इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे सुमारे १ कोटी ९४ लाख ठिपके. कॅनव्हासवर इंचाला १५० घेतले तरी पुष्कळदा भागतं, म्हणजे सुमारे ४९ लाख. मोबाइलवर फिरत फिरत आलेला फोटो मात्र या दोन्हींना पुरत नाही. वाटेत त्याचा तपशील गाळला गेलेला असतो.

आता कॅनव्हासचे दोष. काच नाही म्हणजे संरक्षणही नाही. धूळ, माश्यांचे डाग, खडूची पूड, मुलांचे हात, सगळं थेट चित्रावर. म्हणून त्यावर वार्निशचा पारदर्शक लेप द्यावाच लागतो, आणि तो शाई पुरती सुकल्यावर द्यायचा. दुसरं, चौकटीच्या कडेवर कापड वळतं तिथे लेपाला तडे जाऊन पांढरी रेघ दिसू लागते. तिसरं, पावसाळ्यात सुती कापड ढिलं पडतं. त्यासाठी चौकटीच्या कोपऱ्यांत पाचर ठोकण्याची सोय आहे का, ते पाहावं. चौथी गोष्ट हिशेबाची. १८ बाय २४ इंचांचं चित्र दीड इंच जाड चौकटीवर ताणायचं असेल तर कडेला दीड इंच आणि मागे ठोकायला एक इंच, असं चारही बाजूंनी अडीच इंच कापड जास्त लागतं. म्हणजे छाप २३ बाय २९ इंच कापडावर घ्यायचा. हे आधी सांगितलं नाही तर चित्राचाच काठ वळून मागे जातो, आणि चित्रकाराची सही बहुधा त्याच काठाला असते!

इतकं समजलं की आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. मूळ चित्र कशावर काढलेलं आहे?

रविवर्म्यांचं तैलचित्र असेल तर कॅनव्हास शोभतो, कारण मूळ कॅनव्हासच आहे. जलरंगाचं चित्र असेल तर कागद. जलरंगात खालच्या कागदाचा पांढरेपणा रंगातून झिरपत असतो. तोच त्या चित्राचा उजेड. कापडाच्या विणीनं तो तुटतो. हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचं, 'ग्लो ऑफ होप' नावाचं प्रसिद्ध चित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. म्हैसूरला जगन्मोहन राजवाड्यात ते आहे. कित्येक लोक ते रविवर्म्यांचं तैलचित्र समजतात. वास्तविक ते सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं, आणि कागदावर जलरंगात केलेलं आहे. तळहातामागून येणारा तो दिव्याचा प्रकाश जलरंगात साधला, हेच तर त्यांचं कौशल्य. ते चित्र कॅनव्हासवर छापून वर वार्निश फासलं, तर बघणाऱ्याचा गैरसमज आपणच पक्का केला असं होईल.

अजिंठ्याचं चित्र मातीच्या गिलाव्यावर काढलेलं आहे. त्याला चमक नाही. ते गुळगुळीत, झगमगीत कागदावर छापलं की लेणं राहतं बाजूला आणि मिठाईच्या डब्याची आठवण होते. त्याला मॅट कागदच हवा. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी कागदावरचीच, तेव्हा तिला कागद. जुना फोटो असेल आणि मूळ फोटो चमकदार असेल, तर थोडी चमक असलेला फोटोचा कागद त्यातला गडद काळा रंग नीट दाखवतो.

वारली चित्राची गोष्ट यात फार बोलकी आहे. मूळ कला भिंतीवरची. गेरूनं किंवा शेणामातीनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेली. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि कापडावर आणली आणि जगभर नेली. आता लक्षात घ्या, या छपाईत पांढरी शाई साधारणतः नसतेच. यंत्र आजूबाजूचा गेरू छापतं, आणि तारपा वाजवणारा माणूस म्हणजे न छापता सोडलेला कागद. वारली छापात जे पांढरं आपण बघतो तो कागदाचा स्वतःचा रंग असतो. झगझगीत निळसर पांढरा कागद घेतला तर माणसं ट्यूबलाइटसारखी दिसतात. तांदळाच्या पिठाचा रंग हवा असेल तर तो कागदातच शोधावा लागतो.

दुसरा प्रश्न भिंतीचा. समोर खिडकी असेल आणि ऊन थेट येत असेल तर कागद काय, कॅनव्हास काय, काहीच तिथे लावू नये. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळी भिंतीला चौकट चिकटून बसली की मागे बुरशी धरते. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावावेत. तेवढ्या फटीतून हवा खेळते. कागद काचेला टेकू देऊ नये. दमट हवेत शाई काचेला चिकटते आणि मग काच काढली की चित्र निघून येतं. मध्ये माउंटची पट्टी असली की अंतर राहतं. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लरहित मागावा, नाहीतर काही वर्षांत चित्राच्या कडेनं तपकिरी रेघ उमटते. आणि कृपा करून मागून सेलोटेप लावू नये. वाळवीची भिंत असेल तर चौकट लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची बरी. व्हरांड्यात, जिथे मुलांची ये-जा आहे, काच फुटण्याचं भय आहे, तिथे वार्निश केलेला कॅनव्हास शहाणपणाचा.

तिसरा प्रश्न टिकण्याचा. स्नेहसंमेलनापुरतं, वर्षभर लावायचं चित्र असेल तर साधा कागद पुरे. उगाच भारी कागदावर शाळेचा पैसा घालू नये. पण जे एकच आहे, पुन्हा मिळणार नाही, त्याला मात्र उत्तम द्यावं. इथे पुष्कळजण म्हणतात, कॅनव्हास मजबूत, तेव्हा तोच टिकेल. याला अजिंठ्याच्याच इतिहासानं उत्तर दिलं आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यात काम करून मोठ्या कॅनव्हासवर नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली आग लागली, तीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. लंडनलाच १८८५ साली लागलेल्या आगीत त्यांतल्याही बऱ्याच गेल्या. पण ग्रिफिथ्स यांचे कागदावर छापलेले दोन ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाले. त्यांच्या प्रती अनेक ठिकाणी गेल्या, आणि त्या आजही पाहायला मिळतात. तेव्हा एका मोठ्या कॅनव्हासच्या पैशात कागदाच्या दोन लहान प्रती होत असतील, तर दोन प्रती घ्या. एक भिंतीवर लावा, दुसरी आम्लरहित कागदात गुंडाळून, सपाट, अंधाऱ्या कपाटात ठेवा. अंधारातली प्रत ही तुमची खरी ठेव.

दोन गोष्टी सचोटीच्या. चित्र छापण्यापूर्वी चित्रकाराची किंवा त्याच्या वारसांची परवानगी घ्या. आपल्या कायद्यानं चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतो. रविवर्मा १९०६ साली वारले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. हळदणकर १९६८ साली वारले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. आणि दुसरं, छाप हा छाप म्हणूनच द्यावा. जत्रेत, प्रदर्शनात कॅनव्हासवर छापून वरून ब्रशानं वार्निशचे फटकारे मारलेली चित्रं 'हातानं काढलेली' म्हणून खपवतात. भिंग लावून बघा. रंगाच्या जागी बारीक बारीक ठिपके दिसले, की तो छाप.

आता दुकानात जायचं. घाई करू नका. पूर्ण चित्र छापण्याआधी त्याचा वीतभर तुकडा, ज्यात गडद, फिका आणि मधला असे सगळे रंग आहेत, तो एकदा कागदावर आणि एकदा कॅनव्हासवर छापून मागा. थोडे पैसे पडतील. ते दोन्ही तुकडे घरी आणा आणि जिथे चित्र लागणार आहे त्या भिंतीवर, दिवसाच्या उजेडात, मूळ चित्राशेजारी धरा. दुकानातल्या दिव्याखाली सगळंच छान दिसतं.

त्या शाळेनं पुढे हेच केलं. मुख्याध्यापक आणि बाई दोघं गुरुजींच्या मुलाकडे गेले. ट्रंक उघडली. चित्राचा एक कोपरा कसरीनं खाल्ला होता, पण देवळाची कौलं तांबडी होती. मुलानं परवानगी लिहून दिली. दोन तुकडे छापून आले. कॅनव्हासवर आभाळ खरखरीत दिसत होतं, नदीच्या पाण्यातली देवळाची पडछाया विणीत हरवली होती. कापसाच्या कागदावर ती होती. सायीच्या रंगाचा कापसाचा कागद, पिगमेंट शाई, माउंट आणि काच असं ठरलं. खर्च आधीच्या तिप्पट झाला. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. चित्र आता खिडकीच्या बाजूच्या, उजेड तिरपा येणाऱ्या भिंतीवर आहे. दुसरी प्रत कपाटात आहे, आणि मूळ चित्रही आम्लरहित पाकिटात घालून त्या घरी परत दिलं आहे.

चौकटीच्या मागच्या कागदावर बाईंनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे : चित्र कुणाचं, मूळ कशावर, छाप कोणत्या कागदावर, कोणत्या शाईनं, कोणत्या तारखेला. तुम्हीही असं लिहून ठेवत जा. वीस वर्षांनी कुणीतरी ती चौकट उतरवील, तेव्हा त्याला या माहितीचा उपयोग होईल.

आणि हो, त्या निळ्या कौलांच्या जुन्या छापाचं काय केलं? तो बाईंनी फेकला नाही. विज्ञानाच्या तासाला नव्या चित्राशेजारी धरून त्या मुलांना विचारतात, "यातला कोणता रंग आधी गेला, आणि का?"